बर्फात ठेवलेली पिशवी

९ ऑक्टो.
वहिनीच्या तापाचा पाचवा दिवस. डेंग्यू निघाला. नारपोलीच्या दवाखान्यात हलवली. प्लेटलेट्स अठ्ठावीस हजार. दादा पपईच्या पानांचा रस घेऊन आला. तिने दोन घोट घेतले, ओकली. मला बघून म्हणाली, "वन्सं, शाळा बुडवून माझं मराण बघाया आल्या?"
अकरा वर्षं शेलार गावात एका घरात, दोन चुली. वर मी, खाली ती दोघं. मी लग्न केलं नाही आणि मराठी शिकवते, हे तिला सारखेच गुन्हे वाटतात. मीही तिला कमी बोललेले नाही.

१० ऑक्टो.
नऊ हजार. हिरड्यांतून रक्त. एकाच दात्याच्या प्लेटलेट्स हव्यात, ठाण्याच्या रक्तपेढीत काढून देतील, दाता आपण न्यायचा. बी पॉझिटिव्ह. दादाला इन्सुलिन चालू. तिच्या दोन भावांपैकी एकाला काम निघालं, दुसऱ्याला नुसतं ऐकून चक्कर. उरले मी.
वहिनी: "वन्संचं रगत माझ्यात आलं तर मी पन पुस्तकं वाचाया लागीन काय?" हसताना दात लाल.
देणार. गट जुळतो, एवढंच.

११ ऑक्टो.
हिमोग्लोबिन साडेबारा. काठावर पास. दीड तास खुर्चीत. रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट्स बाजूला होतात, बाकीचं परत माझ्यात. ओठांना मुंग्या. लाल पेशी प्राणवायू वाहतात, पांढऱ्या जंतूंशी लढतात, प्लेटलेट्स फुटल्या जागी बूच मारतात. शाळेत पाठ केलेलं. पिशवीत उतरलं ते पिवळं, गढूळ.
तिथल्या बाईंनी बजावलं, "थंड करायची नाही. हलवत राहायची." मी ऐकलं. दादा फोनवर आपल्या मासळीच्या गिऱ्हाइकाशी पापलेटच्या भावावरून भांडत होता. मी त्याला सांगितलं नाही. आम्ही कामापुरतंही बोलत नाही. मला गरगरलं, मला झोपवून ठेवलं. पिशवी घेऊन तो पुढे गेला.

तीच तारीख, संध्याकाळ
मी मागून पोचले तेव्हा नर्सने खोका उघडला. मासळीचा थर्माकोलचा खोका. खाली बर्फ, वर बर्फ, मध्ये माझी पिशवी. अंजूरफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये दादा दीड तास अडकला होता.
नर्स: "ही आता चढवता येणार नाही."
दादा: "बाबांच्या ऑपरेशनला दोन पिशव्या आशाच आनल्या व्हत्या."
"त्या लाल पेशींच्या. त्या थंडच ठेवाव्या लागतात. या थंडीत निकामी होतात."
"मना काय म्हायती? रगत ते रगतच न्हाय का?" मग माझ्याकडे वळून, "मास्तरीण हायेस ना तू? तोंड शाळेत ठेवून आलीस?"


१२ ऑक्टो.
चार अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेल्या चार लहान पिशव्या मिळाल्या. चढवल्या. अकरा हजार, फक्त. दंडावर काळेनिळे डाग. डॉक्टर म्हणतात, मोठी पिशवी लागेलच. अठ्ठेचाळीस तासांनी मी पुन्हा देऊ शकते.
तिला सांगायला गेले. भिंतीकडे तोंड. "नको. तुमची पिशवी खराब निंगाली ना? ह्ये म्हनले मना. फेकून दिली म्हनं. तुमच्या रगतातच काय तरी हाय. मी सही करनार न्हाय."
दादा दारात उभा होता. स्वतःच्या चपलांकडे बघत.
चार परक्यांचं चाललं तिला.

१३ ऑक्टो.
सकाळी आठ हजार. नाकातलं रक्त थांबत नाही. दादाला जिन्याखाली गाठलं.
"खरं सांग तिला."
"आता? फाडून खाईल मना. तिचं भाव बसल्यान भायेर."
"मग ती सही करणार नाही."
"तू दे तर आधी. मग बगू."
दिली. येताना पिशवी मांडीवर, सारखी हलवत. रिक्षावाल्याने आरशात पाहिलं. "मॅडम, बच्चे को सुला रही हो क्या?" म्हटलं, "नही, भाभी है." 

साडेचार
दवाखान्यात पिशवी हलवायचं मशीन नाही. नर्स म्हणाली, पेशंट हो म्हणेपर्यंत हातात हलवत बसा, फार वेळ नको. वॉर्डाबाहेर बाकावर. एका हाताने हलवते, दुसऱ्याने हे लिहिते.
दादा आत गेला. दार उघडं ठेव म्हटलं, त्याने लावून घेतलं.
त्याचं बोलणं ऐकू आलं नाही. मग तिचा आवाज. "बर्फात?"
 मग दादा, मोठ्याने, "हिला सांगितला व्हता त्या बाईनी. हिला!"
खरं आहे.
आता ती हाक मारते आहे. आवाज बारीक झालाय, धार तीच. "वन्सं, आत या. हिकडं बगून सांगा मना."
अक्षर हलतंय. जाते.