चौथ्यावर थांबणारी लिफ्ट

काशिवाझाकी,
१२ ऑक्टोबर

चि. कियोताकास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आई कालच माझ्याकडे आली. गावचं घर तिने पुतण्याला देऊन टाकलं, त्याची बायकापोरं राहायलाही आली. छपरावरचा बर्फ उपसायचं फावडं आपल्या हाताने त्याला दिलं आणि वर ऐकवलं, की माझ्या कियोच्या इमारतीत लिफ्ट आहे, पाचव्या मजल्यावर फावडं काय करायचंय! गावभर हेच सांगत सुटली होती. लोणच्यावर ठेवायचा दगड मात्र सोडत नाही. तो तूच उचल.

इमारत तुझ्याच वयाची म्हणतोस, म्हणजे कुरकुरणारच. नीट पाहिलीस ना रे? मासळी घेताना भाव विचारायला लाजणारा तू, म्हणून आपलं विचारते. आईचे गुडघे आता फार दुखतात. रविवारी तिला तुझ्याकडे कायमची राहायला घेऊन येते.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी फुमिएताई


नागाओका,
१५ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालंय. लिफ्ट आहे, पण ती जुन्या पद्धतीची; तळाचा पहिला मजला, मग चौथा आणि सातवा, एवढ्यांवरच थांबते. घर दाखवताना दलालाने मला चौथ्यावर उतरवलं आणि डोंगर दाखवत जिन्याने वर नेलं. मला वाटलं, डोंगर दिसावा म्हणूनच. विचारावंसं वाटलं होतं गं, पण तो इतक्या अदबीने वाकत होता, की त्याला कशाला अडचणीत टाका म्हणून गप्प बसलो. सहीसुद्धा करून मोकळा झालो!

काल नवं बिऱ्हाड लावल्यावर रिवाजाप्रमाणे शेजाऱ्यांना टॉवेल वाटायला गेलो, तेव्हा खालच्या, चौथ्यावरच्या होन्माबाईंनी हे सांगितलं. आईला आणतोय म्हटल्यावर त्यांनी आधी तिच्या गुडघ्यांचंच विचारलं.

माझ्या शब्दावर आईने घर सोडलं. कोणत्या तोंडाने तिला जिना दाखवू? तिला एवढ्यात काही सांगू नकोस. नळ फुटलाय, दुरुस्ती चालू आहे, अशी काहीतरी थाप मार. तोवर मी बघतो काय करता येतं ते.

हवं तेवढं रागव, पण अंतर देऊ नकोस.
तुझा कियो


काशिवाझाकी,
२३ ऑक्टोबर

चि. कियोस,
आईचे आशीर्वाद.

फुमिएने नळाचं सांगितलं, मी बरं म्हटलं. रविवार गेला, तरी नळ आपला फुटलेलाच. तुझा फोनही नाही. मी काय समजायचं ते समजले. घर देऊन बसले आणि आता पोरालाही जड झाले. फुमिएच्या शिवणाच्या खोलीत पडून राहायचे, घास तोंडात फिरायचा. शेवटी काल तिच्याने बघवेना, तेव्हा तिने खरं काय ते सांगून टाकलं.

अरे मेल्या, एका जिन्याचं काय घेऊन बसलास! गेल्या हिवाळ्यापर्यंत छपरावर चढत होते मी. उतरताना गुडघे बोंबलतील, तर कठडा धरून बसत बसत उतरेन. वाटेत होन्माबाईंकडे चहा घेईन. गावात कुणी विचारलं, तर लिफ्ट आहे एवढंच सांगायचं. ते काही खोटं नाही.

लाज वाटायचीच असेल, तर त्या थापेची वाटू दे. परक्या दलालाचं मन राखलंस आणि आईला लटकत ठेवलंस.

रविवारी येते. चौथ्या मजल्यावर उभा राहा. इतके दिवस मला वाटत होतं, की मी तुला नको आहे. तसं नव्हतं, एवढं तिथे एकदा तोंडाने सांग. मग जिना चढू.

सुखी राहा.
तुझी आई