कोमट तेल

युवराजदादा,

माझ्या डाव्या पायावरच्या लाल डागाला आई देवीचा हात म्हणते. तो पाय जन्मापासून जाड, म्हणून सुलतान बाजारातून मी चपलांचे दोन मापांचे दोन जोड आणते.

आज डॉक्टर म्हणाले, डाग आणि जाड पाय हा शिरांचा एकच जन्मजात आजार, त्यात वय वाढेल तशा शिरांत रक्ताच्या गुठळ्या होतात. माझ्या पोटरीत झालीय. पाय अजिबात चोळायचा नाही, गुठळी सुटून फुप्फुसात जाईल, जिवावर बेतेल.

आई लहानपणापासून तो रोज तेलानं चोळते. त्यामुळेच मी चालायला लागले, असं ती सगळ्यांना सांगते. तिला कसं सांगू? तुला कळलं तर तू फोनवर तिला ओरडशील, म्हणून हे पत्र टाकणार नाही.

मी नुसतं म्हटलं, दुखतंय, आज नको.

"दुखतंय म्हणूनच चोळायचं, पोरी," म्हणत ती वाटी घेऊन बसलीय.

मी सवयीनं पाय पुढे केलाय.

तुझी त्रिवेणी