एकशे तेरावं टोक

वडनेर भोलजी,
रविवार

प्रिय जीवनदादा,

हुश्श! आपल्या बाबांचे दगड खरे निघाले रे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वांगी विकून येताना नाल्यातले गोटे पिशवीभर आणायचे, निवडायचे, आणि त्यातून बाणांची दगडी टोकं काढायचे, तेच दगड. नुसत्या दगडावरून वय कळत नाही, म्हणून विद्यापीठातल्या लोकांनी मागच्या हिवाळ्यात त्याच नाल्याकाठी खणलं. तशीच टोकं एका जुन्या चुलीच्या राखेत सापडली. तिथल्या कोळशाचं वय आलं साडेपाच हजार वर्षं! बाबांना सांगितलं तर भेंडी तोडता तोडता वाफ्यातच बसले. "मी खोटा नोतो वं माय," एवढंच म्हणाले. आईचं आपलं, "हाव, पन भेंडी तं तोडा."

आता शाळेत शिकवून आले की मी नोंदवही घेऊन बसते. एकेक टोक मोजते, तोलते, कुठल्या नाल्यातलं ते बाबांना विचारून लिहिते. त्यांना सगळं आठवतं. एकशे बारा झाली आणि एकशे तेराव्याला हात अडला. त्याच टोकाच्या धारेवर तेव्हा पुण्याहून दगड तपासायला आलेल्या साहेबांना लोखंडी हातोडीची खूण दिसली होती. त्या एकापायी सगळीच खोटी ठरवून ते निघून गेले. हातोडी तुझी, म्हणून बाबांनी चारचौघांत तुझ्या थोबाडीत मारली. तू फक्त "मी नाही" म्हणालास. त्याच वर्षी सुरतेला गेलास, आणि बावीस वर्षांत एका रात्रीच्या वर कधी घरी राहिला नाहीस.

दादा, ते टोक मी घडवलं होतं. अकरा वर्षांची होते. महिनाभर पिशवीतून नुसते गोटे निघत होते, बाबांचा चेहरा बघवेना. तुझ्या हातोडीने गारगोटी फोडली आणि गोट्यांत सरकवली. तुला मार बसला तेव्हा दाराआड उभी होते. घाबरले, गप्प राहिले, आणि मग गप्पच राहत गेले. मला माफ कर. काल बाबांना सांगून टाकलं, तेव्हा किती वर्षांनी मोकळा श्वास घेतला! ते रागावले नाहीत. बराच वेळ स्वतःच्या उजव्या हाताकडे बघत बसले. मग वहीत लिहायला लावलं: क्रमांक एकशे तेरा, वय बावीस वर्षं, घडवणारी अनुपमा. आणि म्हणाले, "जीवनले लिव्ह, बाप माफी मागाले येऊन राह्यला म्हना." शेगावहून शुक्रवारच्या गाडीचं तिकीट काढलंय. त्यांना स्टेशनवर घ्यायला ये.

तुझीच भित्री बहीण,
अनु