यांच्या नावाचा कॉम्प्युटर

वडगाव रासाई
रविवार, ३ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रगती,

दौंडला तुम्ही सगळे बरे असाल. इकडं आम्ही तिघं ठीक. आबांचा खोकला कमी आहे. आईंच्या गुडघ्याला तेल चोळणं चालू आहे, पण त्यांना उठता-बसताना माणूस लागतोच. नदी भरून चालली आहे, पुलाला अजून पाणी लागलेलं नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. फोनवर काय बोलणार? आईंना ऐकू येत नाही म्हणून फोन स्पीकरवर ठेवायचा, आणि तू बोललीस ते मी परत ओरडून सांगायचं. शेजारच्या वस्तीलाही कळतं. म्हणून लिहितेय.

तू विचारलंस, दादाचा कॉम्प्युटर चालू झाला का. झाला. पण त्यानं माझा अंत बघितला.

तीन वर्षांपूर्वी यांची नुसती गाडी पुलावर सापडली त्या दिवसापासून तो चादरीखालीच होता. आपण घाटावर दर्भाचा पुतळा करून यांना अग्नी दिला, दहावा केला, तरी त्या चादरीला कुणी हात लावला नाही. पण आता आईंना एकटं ठेवून मला सणसवाडीला कामावर जाता येत नाही. ऑफिसच्या करुणा मॅडम म्हणाल्या, "धनश्री, ट्रान्सपोर्टच्या बिलांचं काम घरून कर, फक्त कॉम्प्युटर चांगला पाहिजे." मग चादर काढली.

पहिल्यांदा तो चालूच होईना. बटण दाबलं की नुसता तीनदा पीं-पीं करायचा आणि गप्प. तळेगाव ढमढेरेला सुमितचं रिपेअरिंगचं दुकान आहे, त्याला बोलावलं. त्यानं पेटी उघडली तर आत धुळीची गादी आणि पालीची अंडी. त्यानं रॅमची पट्टी काढून खोडरबरानं पुसली, परत बसवली. पीं-पीं थांबलं, पडदा काही येईना. मग पॉवर सप्लाय बदलला. पडदा आला, तर बिलांचं सॉफ्टवेअर म्हणालं, ही विंडोज जुनी आहे. नवी टाकायला गेलो तर ती अर्ध्यात अडकली, दुपारभर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. सुमित म्हणाला, "वहिनी, हार्डडिस्क दमलीय. नवी टाकू, पण सगळं पुसून कोरा करू का जुनं हाय तसं ठेवू?"

मी म्हणाले, जुनं राहू दे.

त्यानं सगळं नव्या डिस्कवर उचलून टाकलं. तरी भोग संपले नव्हते. इंटरनेट लागायचं पण एकही पान उघडायचं नाही. बघतो तर घड्याळ मागच्या कुठल्या तरी वर्षात. नीट केलं की बंद करून चालू करेपर्यंत परत मागं. आतला बटणाएवढा सेल गेला होता. तो बदलला तेव्हा कुठं तारीख जाग्यावर आली.

चालू होताना त्यानं ती जुनी धून वाजवली. आबा तेवढ्यात मळ्यातून आले होते, पायाला चिखल तसाच. ते दारात थांबले ते आत येईनात. मी म्हटलं, "आबा, पाणी देऊ?" तर म्हणाले, "त्यो आवाज झाला म्हंजी पोरगं घरात हाय, असं वाटायचं." आणि तसेच मागं फिरले.

पडद्यावर यांचा फोटो आणि खाली नाव, सुरज. पासवर्ड मला माहीत होता. ईमेलच्या खात्यानं परत विचारला, तिथंही तोच लागला. म्हणजे आता काम चालू आहे. मशीन जुनं असून झकास पळतंय.

तू दुसरं विचारलंस, श्राद्धाचं सामान दौंडहून आणू का. यंदा आणू नकोस. का ते मी लिहीन, पण आज नाही.

एक विचारायचं होतं. तुझा दादा कधी तुझ्याजवळ वापीबद्दल बोलला होता का? तिकडं कंपनीतला कुणी ओळखीचा? आठवून सांग. पण फोनवर सांगू नकोस.

जावई पाहुण्यांना नमस्कार.

तुझी
वहिनी


वडगाव रासाई
सोमवार, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय प्रगती,

तुझा फोन आला तेव्हा आई मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. तू म्हणालीस, "वहिनी, श्राद्ध नको म्हणजे काय? दादाला विसरलीस का?" ते मी आईंना मोठ्यानं सांगितलं नाही. नेटवर्क नाही म्हणाले आणि फोन ठेवला. राग धरू नकोस. हे पत्र एकटी असताना वाच.

मागच्या पत्रात मी तुला सगळं सांगितलं, फक्त जे सांगायचं होतं ते सोडून.

सुमित गेल्यावर दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. काहीतरी शोधायला गेले तर खाली आधी शोधलेल्याची यादी आली. त्यात मी न शोधलेलं होतं. वापीतल्या एका कंपनीत मेंटेनन्सची नोकरी. तिथल्या भाड्याच्या खोल्या. मला वाटलं व्हायरस आला. सुमितला फोन केला. तो म्हणाला, "दादांचं खातं दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर चालू हाय. एका खात्यावर जिथनं काय शोधाल ते सगळीकडं दिसतं. कुणीतरी हॅक केलंय वहिनी, पासवर्ड बदला लगेच."

मी बदलला नाही.

संध्याकाळी यादीत नवीन ओळ आली. "वडगांव रसाई पाऊस."

प्रगती, आपल्या गावाचं नाव असं चुकीचं, रासाईचं रसाई, कोण लिहितं ते तुला माहीत आहे. लग्नाच्या पत्रिकेतही यांनी तसंच लिहून दिलं होतं, आणि छापून आल्यावर आबांनी यांना सगळ्या पाहुण्यांसमोर झापलं होतं. मी खुर्चीवरून उठले, बाहेर जाऊन भांडी घासली. धुतलेली भांडी परत घासली. आई ओट्यावरून म्हणाल्या, "काय झालं गं, तोंड का उतरलंय?" मी म्हटलं, कॉम्प्युटर बिघडलाय.

तुझा दादा पाण्यात गेला नाही. तो आहे.

आनंद व्हायला पाहिजे होता. मला भीती वाटली. तीन वर्षं मी ज्या माणसाचं मेलेपण अंगावर वागवलं, तो माझ्यासमोरच्या पडद्यावर रोज काहीतरी विचारत होता. पुलाचं पाणी किती. गुडघेदुखीवर कोणतं तेल. म्हणजे आईंचा गुडघा त्याच्या ध्यानात आहे. मी बिलं टाकत बसायचे आणि यादी उघडून बघायचे, काही आलं का. घरात कुणी चालल्यासारखं वाटायचं. दार वाजलं की मान वळायची. एकदा मी नकळत चहाचा एक कप जास्त केला. आई त्या कपाकडं बघत राहिल्या. मीच तो पिऊन टाकला.

का गेला, मला माहीत नाही. भांडण झालं नव्हतं. मूल होत नव्हतं म्हणून आमच्या दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या, तेवढंच. रिपोर्टात दोष माझ्यात निघाला होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. यांनी एका शब्दानंही मला बोल लावला नाही. उलट येताना तळेगावच्या बाजारात थांबून मला भेळ खाऊ घातली. मला वाटलं, किती समजूतदार माणूस आहे.

आता पुढचं लिहिते, मग थांबता येणार नाही.

गेल्या मंगळवारी यादीत आलं, "एक वर्षाच्या बाळाला ताप किती असला की दवाखान्यात न्यावं." थोड्या वेळानं परत तेच, शब्द बदलून. मग "बाळ दूध पीत नाही". मग "वापी लहान मुलांचा डॉक्टर".

मला वाटलं होतं, असं काही कळलं तर मी ओरडेन, डोकं आपटेन. तसं झालं नाही. मी ते बाळ कसं आहे हेच बघत बसले. बिलं राहिली, करुणा मॅडमचे फोन आले, मी सांगितलं मशीन अडकलंय. बुधवारी दिवसभर काहीच आलं नाही. कुणाचं बाळ, त्याची आई कोण, मला काय त्याचं? पण मी देवापुढं दिवा लावला. कुणासाठी लावला हे आईंनी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. गुरुवारी आलं, "ताप उतरल्यावर बाळाला काय खायला द्यावं." तेव्हा कुठं मी जेवले.

त्याच दिवशी आबा कॅलेंडर घेऊन माझ्याजवळ आले. म्हणाले, "पोरी, तिथी अठरा तारखेला, सोमवारी येती. ब्राह्मणाला सांगून ठेवतो." आई म्हणाल्या, "त्याला आवडती तशी पुरणाची पोळी कर. कावळा शिवला की माझा जीव थंड हुतो बघ." गेल्या वर्षी पान ठेवल्याबरोबर कावळा आला होता, तुला आठवतंय ना. आई आठवडाभर सुखानं झोपल्या होत्या. पोरगं सुटलं, म्हणत होत्या.

मी आत आले आणि त्या शोधायच्या चौकटीत लिहिलं, "आईंना सांगू का?" मी इथं लिहिलेलं तिकडं यांना दिसणार, हे मला माहीत होतं. खाली आणखी लिहिलं, "त्या अठरा तारखेला तुमचं श्राद्ध घालणार आहेत."

मग कामाला लागले. दुपार गेली. यादीत माझ्या दोन ओळी होत्या. मग बघितलं तर त्या नव्हत्या. कुणीतरी पुसल्या होत्या. वाटलं, आता काहीतरी येईल. एक शब्द. हो किंवा नाही.

शुक्रवारी सकाळी मशीन चालू केलं तर खात्यानं मला बाहेर काढलेलं. पासवर्ड टाकला, तर लाल अक्षरांत आलं, तुमचा पासवर्ड बदलला आहे.

एवढंच उत्तर आलं, प्रगती. पण ते मला आलं. वाचून, विचार करून, रात्र काढून माझ्या तोंडावर दार लावलं. पुलावर गाडी ठेवून गेला, त्याबद्दल निदान मनाला समजावता येत होतं, भ्रमात गेला असेल, डोकं फिरलं असेल. आता तसं म्हणता येत नाही.

सुमितला बोलावून मी माझ्या नावानं नवं खातं उघडून घेतलं. यांचा फोटो काढला. बिलांचं काम वेळेवर जातंय, त्याची काळजी नको.

मी वापीला जाणार नाही. जाऊन त्या बाळाच्या आईला काय विचारू? तिला माझ्याबद्दल माहीत असेल की नाही, कुणास ठाऊक. पण जिवंत माणसाच्या नावानं मी पान वाढणार नाही आणि कावळ्याला हाकही मारणार नाही. गप्प राहून आईंना आणखी एक वर्ष सुखानं झोपू द्यावं, असं दोन दिवस मनात होतं. मग वाटलं, त्यांचं नातवंड कुठंतरी तापानं फणफणत होतं आणि त्या इथं त्याच्या बापाचे पिंड करवणार. मला ते बघवणार नाही.

तू येत्या रविवारीच, श्राद्धाच्या आदल्या दिवशी ये. पाहुण्यांना काहीही कारण सांग. आईंच्या शेजारी तू बस, मी समोर बसून सांगते. मोठ्यानं सांगावं लागेल, वस्तीलाही ऐकू जाईल. जाऊ दे.

सांगून झाल्यावर या घरात मी कोण असेन, ते मला माहीत नाही. आबा आजवर मला पोरी म्हणतात. रविवारनंतर काय म्हणतील, त्यावर बघू. तू मला काय म्हणायचं ते येताना ठरवून ये. मी वाईट वाटून घेणार नाही.

हे पत्र मात्र अजून तुझ्या वहिनीचंच आहे.

धनश्री