लाल गाडी, तिचे तेल आणि दादाची चिठ्ठी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे त्रेपन्न, धंदा मोटारदुरुस्ती, स्वभाव (पत्नीच्या मते) तिखट, राजीखुशीने व अक्कलहुशारीने, डोक्यावर कोणीही पाना धरून उभे नसताना, हे लिहून ठेवतो. सोमवारी माझे हर्नियाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, "काही होत नाही हो, किरकोळ काम आहे." हेच वाक्य याच सुरात मी गिऱ्हाइकांना तीस वर्षे ऐकवत आलो आहे, म्हणून तातडीने वकीलबाईंना बोलावले. यापूर्वी रागाच्या भरात तोंडी केलेली माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

कलम १. राहते घर, बँकेतील ठेवी आणि घरातील सर्व चीजवस्तू पत्नीस. त्यांचे तिने काय करावे हे सांगायची हिंमत मला जिवंतपणी झाली नाही. मेल्यावर आगाऊपणा कशाला?

कलम २. गॅरेज, त्यातील लिफ्ट व समस्त हत्यारे मुलीस. ती माझ्यापेक्षा चांगली कारागीर आहे, हे मी इथेच प्रथम कबूल करतो आणि पुन्हा करणार नाही. बाकावरच्या फुटक्या कपात चहा नसून रॉकेल असते, याची वारसांनी नोंद घ्यावी. माझ्या मेहुण्याने एकदा घेतली नव्हती.

कलम ३. सदर मेहुणा गाडीचे तेल डब्यावरचे चित्र बघून निवडतो. धावता घोडा असेल तर उत्तम, ज्वाळा असतील तर त्याहून उत्तम. माझ्या प्रत्येक वाढदिवसाला त्याने 'इंजिनाला नवे आयुष्य' देणारी एकेक बाटली आणली. त्या सर्व बाटल्या सीलबंद अवस्थेत त्यालाच परत. त्याच्या इंजिनाला गरज जास्त आहे.

कलम ४. लाल रंगाची, दोन दारांची, दोन सीटची टर्बो गाडी मुलीस. ही गाडी अपघातात चेपलेली असताना मी आणि माझा थोरला भाऊ, ज्याला पुढे दादा म्हटले आहे, अशा दोघांनी दोन वर्षे खपून उभी केली. गेली अकरा वर्षे ती ताडपत्रीखाली उभी आहे. टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, जळाला होता. नवा टर्बो आणून ठेवला आहे, पण तो अजून खोक्यातच आहे. तो बसवायला चार हात लागतात आणि त्यांतले दोन रस्त्यापलीकडे राहतात.

कलम ५. गाडी घेणाऱ्याने तेलाबाबत पुढील अटी पाळाव्यात. मॅन्युअल उघडावे. त्यात फाइव्ह-डब्ल्यू-फोर्टी, पूर्ण सिंथेटिक, असे छापले आहे, तेच घालावे. गार इंजिनात हे तेल चटकन वर चढते आणि तापल्यावर पाण्यासारखे पातळ होत नाही. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेऱ्या मारतो आणि तो नुसत्या तेलाच्या पापुद्र्यावर तरंगत असतो. तिथे 'जाड तेल म्हणजे दणकट इंजिन' हे शेजाऱ्याचे तत्त्वज्ञान चालत नाही. डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेला दर्जा मॅन्युअलशी ताडून बघावा. चष्मा लागत असेल तर लावावा. तेल वेळेआधी बदलावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: गाडी ताणून आल्यावर इंजिन लगेच बंद करू नये, दोन मिनिटे तसेच चालू ठेवावे. नाहीतर लालबुंद टर्बोत तेल अडकून जागीच करपते आणि त्याचा कोळसा होतो. हे मला कसे माहीत, ते पुढच्या कलमात.

कलम ६. आमच्या वडिलांनी गॅरेजात एकच कायदा केला होता. तेल बदलले की पुठ्ठ्याची चिठ्ठी लिहून ती तारेने तेलाच्या झाकणाला बांधायची. तेल कोणते, किलोमीटर किती, घातले कोणी. चिठ्ठी नाही, तर काम झालेच नाही.

अकरा वर्षांपूर्वी लाल गाडीचे तेल दादाने बदलले. तेव्हा मी दर रविवारी ती टेकडीवरच्या गाडीवेड्यांच्या मेळाव्याला नेत असे. चढावर ताणायची, वर पोहोचायचे, लोक बघतायत तोवर ऐटीत किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. बॉनेट उघडले की फोटोत ती पुठ्ठ्याची चिठ्ठी गबाळी दिसे, म्हणून एका रविवारी मी ती सोडवून कोटाच्या खिशात टाकली आणि विसरलो. मोसम संपता संपता टर्बो किंचाळला, निळा धूर निघाला आणि सगळे संपले.

दादा ट्रक दुरुस्त करणारा. गॅरेजात त्याच्या बाजूला जाड तेलाचे पिंप. मी चार लोकांसमोर म्हणालो, "ट्रकचं तेल ओतलंस ना?"

"बारक्या, तू सांगितलंस तेच ओतलं."

"मग चिठ्ठी कुठंय?"

दादा झाकणाकडे बघत राहिला. तार होती, चिठ्ठी नव्हती. महिन्याभरात त्याने समोरच स्वतःचे गॅरेज थाटले. तेव्हापासून आम्ही बोलत नाही. माझ्याकडे ट्रक आला की मी अंगठ्याने समोर दाखवतो. त्याच्याकडे टर्बो आला की तो हनुवटीने इकडे दाखवतो. अकरा वर्षे धंदा उत्तम चालला आहे.

गेल्या मार्चमध्ये पत्नीने तो कोट कुणाला तरी द्यायला काढला. खिसे चाचपून ती बाहेर आली, हातात पुठ्ठा.

"अहो, हे भावजींचं अक्षर ना? फाइव्ह-डब्ल्यू-फोर्टी."

मी म्हणालो, "सांगतो त्याला."

"कधी?"

"बघू, जमेल तसं."

आठ महिने झाले. म्हणून याद्वारे जाहीर करतो की दादाने घातलेले तेल बरोबर होते. टर्बो मी जाळला. चिठ्ठीही मीच काढली. मूळ चिठ्ठी सोबत टाचली आहे. दादाला पहिला साक्षीदार नेमले आहे, म्हणजे त्याला हे वाचावे लागेल आणि मला तोंड उघडावे लागणार नाही.

पुरवणी. वरील मजकूर शनिवारी सकाळी पुरा झाला. पत्नीने रस्ता ओलांडून दादाला आणले. वकीलबाई म्हणाल्या, "साक्षीदारानं नुसती सही केली तरी चालते, वाचायची गरज नाही." माझा बेत तिथेच बोंबलला असता, पण दादा छापील कागद कधी न वाचता सोडत नाही, आमच्यात मॅन्युअल वाचणारा तोच. उभ्यानेच त्याने सगळे वाचले. मेहुण्याच्या कलमाला हसला. सहाव्या कलमाला चष्मा काढून पुसला आणि ते परत वाचले.

मी म्हणालो, "दादा, चुकलं माझं." म्हणजे शेवटी तोंड उघडावे लागलेच.

त्याने कागद खाली ठेवला. मग म्हणाला, "खोकं कुठंय?"

"कसलं?"

"टर्बोचं, गाढवा. सोमवारी तुला कापणारेत ना? आज शनिवारच आहे."

पत्नी ओरडली, "यांना जड उचलायचं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय!"

"हा कधी उचलत होता? हा टॉर्च धरेल."

मी टॉर्च धरला. तो हलतोय म्हणून शिव्या खाल्ल्या, अकरा वर्षांच्या थकबाकीसह. जुन्या नळ्यांतला कोळसा दादाने खरवडून काढला आणि प्रत्येक खपली माझ्या नाकासमोर धरली. नव्या टर्बोत आधी हाताने तेल सोडले. रविवारी दुपारी, त्याच्या ट्रकची बॅटरी जोडून, गाडी सुरू झाली.

मुलगी म्हणाली, "बाबा, गाडी मला नको. सीट दोनच आहेत, तुम्ही दोघं बसा."

म्हणून कलम ४ बदलून गाडी दादास. यावर वकीलबाईंनी चष्म्यावरून बघत सांगितले की ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये. दादाने निमूट स्वतःचे नाव खोडले. वर म्हणाला, "आता तू मेलास तर माझा फायदा आहे. तेव्हा जपून राहा."

साक्षीदार:
१. ~~थोरला भाऊ~~ (लाभार्थी झाल्याने रद्द) त्याच्या जागी शेजारचा चष्म्याचा दुकानदार
२. वकीलबाईंचा कारकून

सही: बारक्या (दादाच्या आग्रहावरून)

ठिकाण: गॅरेज, बॉनेट उघडे, नवी चिठ्ठी झाकणाला बांधलेली.
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, रविवार.

सह्यांना थोडा उशीर झाला. टेकडीवर जाऊन आलो होतो आणि इंजिन बंद करण्यापूर्वी दोघेही दोन मिनिटे गाडीतच बसून राहिलो.