अजाण कोण?

वरकुटे, ता. इंदापूर
९ मे २०२५

चि. बुद्धघोष यास आप्पाचा सप्रेम जयभीम.

इकडे सगळे ठीक. तुझ्या आईचे गुडघे कुरकुरतात, ती त्यांच्याहून जास्त. अक्षर मोठं नि वाकडं दिसेल, एका डोळ्यानं लिहितोय.

तुझ्या वकिलानं माझ्या सहीसाठी पाठवलेली तक्रार दोनदा वाचली. 'अजाण, वृद्ध रुग्णास अंधारात ठेवून, डोळ्यासाठी मंजुरी नसलेले कॅन्सरचे औषध टोचले.' औषधाचं नंतर बघू. आधी सांग, अजाण कोण?

माझ्या बापानं जन्मभर पुढं येईल त्या कागदावर अंगठा उठवला. म्हणून तर त्यानं मला शाळेत घातलं. चौतीस वर्षं मास्तरकी करताना मी पोरांना एक गोष्ट घोटून शिकवली, वाचल्याशिवाय सही करायची नाही.

बारामतीत डॉक्टर सुप्रियाबाईंनी संमतीपत्र पुढं ठेवलं, तेव्हा तीन पानं वाचायला मी पाऊण तास लावला. साखरेनं उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती, तरी भिंग लावून वाचलं. बाहेरचे पेशंट कावले.

बाई म्हणाल्या, "आप्पा, हे औषध आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर आहे. खोक्यावर डोळ्याचं नाव नाही. तरी जगभर डॉक्टर डोळ्यात देतात, मीही देते. डोळ्यासाठी मंजूर असलेलंही मिळतं, ते महाग आहे. क्वचित जंतू जाऊन डोळा जातो, तो धोका दोन्हींत आहे. ठरवा तुम्ही."

मी म्हणालो, "ठरलं. हेच द्या." आणि सहीखाली माझ्या हातानं लिहिलं, 'वाचलं, समजलं.' ते पान तुझ्या वकिलानं जोडलेलं नाही.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. सुई दहा एप्रिलची. बाराला डोळा लाल झाला, ठणकायला लागला. बाईंनी दिलेल्या कार्डावर छापलं होतं, असं झालं तर त्याच दिवशी या. तुझी आई म्हणाली, "आत्ताच्या आत्ता चला, न्हायतर मी बुद्धाला फोन लावते." मी तिला गप्प केलं. चौदाला जयंती होती आणि अध्यक्ष मी होतो. काळा चष्मा लावून शिक्षणावर भाषण ठोकलं. टाळ्याही पडल्या.

पंधराला गेलो. बाईंनी विचारलं, कधीपासून दुखतंय? मी म्हणालो, कालपासून. तेच केसपेपरवर चढलं. त्यांनी लगेच पुण्याला धाडलं, पण डोळा हातचा गेला होता. कागदावर मी दुसऱ्याच दिवशी आलेला दिसतो, म्हणजे उशीर माझा नाही, चूक बाईंची; त्या एका खोट्यापायी आता त्यांच्यावर बालंट यायची वेळ आलीय.

तक्रार बिनसहीची परत पाठवतोय. सोमवारी बुद्धपौर्णिमा आहे, विहारात मला बोलायचंय. पण या खेपेला सणासाठी थांबणार नाही. उद्याच बारामतीला जाऊन बाईंना खरी तारीख लिहून देतो. ग्राहक आयोगापुढं उभं राहावं लागलं, तर त्यांच्या बाजूनं उभा राहीन, तुझ्या वकिलासमोर.

बापाचा डोळा गेला म्हणून तू चिडलास, ते मला कळतं. राग माझ्यावर काढ. माझ्या सहीवर काढू नकोस, ती मी फार कष्टानं शिकलोय.

वरचं सगळं स्वतःच्या हातानं लिहिलं, पुन्हा वाचलं, समजलं.

तुझा जाणता बाप,
आप्पा