पट्ट्यांमधलं अंतर

कराकास,
७ मार्च १९७८

प्रिय दादा,

मजेत असशील. माराकाइबोत उकडत असेल आणि तू नुसत्या बनियनमध्ये ब्रश चालवत असशील. इथे सगळं ठीक. आईचे गुडघे कुरकुरतात, पण मक्याच्या अरेपा थापायला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही. नोरेलिसच्या शाळेच्या भिंतीवर रंगवायच्या तुझ्या पट्ट्यांच्या चित्राचा नमुन्याचा फळा पोचला. ईस्टरनंतरच्या सोमवारी रंगारी येणार, म्हणून मुख्याध्यापिकाबाई नुसत्या नाचताहेत.

माझ्या प्रयोगशाळेत सध्या कोंबडीच्या पिल्लाच्या हृदयाच्या पेशी आहेत. बशीत सुट्या असतात तोवर जी ती आपापल्या तालात धडधडते, एकमेकींना टेकल्या की सगळ्या एका ठेक्यात. तू म्हणशील, "मग माझं काय वेगळं? डोळा पट्ट्यांना टेकला की भिंत हलते!" म्हणशीलच तू. हृदयाला ते शोभतं रे. मेंदूला नाही.

सगळं ठीक लिहिलं, ते खोटं आहे.

गेल्या बुधवारी माझी नोरेलिस शाळेच्या दारात, तिथे लावलेल्या तुझ्या फळ्यासमोर पडली. फिट आली. जीभ चावली गेली, फ्रॉक रक्तानं भरला. डॉक्टरांनी तिला पट्ट्यांची चित्रं दाखवत मेंदूच्या लहरी कागदावर उतरवल्या. रुंद पट्ट्यांना काही नाही. तुझ्या फळ्यावरच्या पट्ट्यांइतक्या अरुंद झाल्या मात्र, यंत्राचे सगळे पेन एकदम उसळले. वर्गातली सगळी पोरं एकच शब्द एका सुरात ओरडायला लागली, तर शिकणार कोण? तिच्या डोक्यात पेशींचं तेच चाललं होतं.

हे अंतर कुठून आलं, तुला ठाऊक आहे. तुझी जुनी रीत. कुणाला तरी समोर बसवायचं, पट्ट्या अरुंद करत जायच्या, तो "पुरे, गरगरतंय" म्हणाला की अंतर पक्कं. आधी आईला बसवायचास. या नाताळात आम्ही केळीच्या पानांत हायाका बांधत होतो आणि तू नोरेलिसला बसवलंस. ती "पुरे" म्हणालीच नाही. मामानं आपल्याला निवडलं म्हणून मिरवत होती. तिची नजर थिजली, ओठ थरथरले, आणि तू टाळी वाजवलीस, "जमलं! पोरीला भुरळ पडली!" सगळे हसलो.

आईनं तुला फोन केला, तर म्हणालास, "मिरेयाला म्हणावं राईचा पर्वत करू नकोस. एवढं भ्या वाटतं तर भिंतीला चुना फासा." तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

पट्ट्या रुंद कर, दादा. अशी मुलं थोडीच असतात, डॉक्टरही म्हणाले. पण त्यातलं एक माझ्या घरात आहे, आणि त्या भिंतीसमोरून तिला रोज जायचंय. नाही केलंस, तर रंगारी येतील तेव्हा मी भिंतीला पाठ लावून उभी असेन. हे अंतर कसं ठरलं, ते सगळ्यांसमोर सांगेन. तुझी अब्रू जाईल. मला रडू येईल, तरी सांगेन.

फिट का आली, ते नोरेलिसला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. ते तू येऊन सांग, तुझ्या तोंडानं. ईस्टरच्या आत.

तुझी बहीण, पण आधी तिची आई,
मिरेया